फुलीची भांडी

"नाव कुणाचं घालू? देणाऱ्याचं का वापरणाऱ्याचं?"

भांडं पसंत पडलं, की कागदात गुंडाळायच्या आधी शेठ हे विचारत. बहुतेक गिऱ्हाइकं लग्नात द्यायला भांडी घेत, त्यामुळे त्यांना देणाऱ्याचंच नाव हवं असे, तेही 'यांजकडून सप्रेम भेट' यासकट. शेठ ते घालत, पण आधी एकदा सांगून बघत.

"तुमचं नाव तुमाला ठावं हाय. पंगतीत पातेलं हरवलं तर ते तुमच्या दारात यील. ज्याला दिलंय त्याच्या दारात कसं जाईल? नाव असतंय भांडं घरी यायला."

"शेठ, घाला हो तुमी," गिऱ्हाईक म्हणे.

मग ते छिन्नी आणि हातोडी घेऊन बसत. नाव घालायचं विजेचं मशीन दुकानात होतं. ते त्यांचा मुलगा वापरी. शेठ ठिपक्याठिपक्यांनी ठोकूनच नाव घालत. या ठोकाठोकीत त्यांच्या डाव्या कानाला कमी ऐकू येऊ लागलं होतं. उजव्या कानाने त्यांना हवं तेव्हा ऐकू येई.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पट्ट्यातल्या एका बाजाराच्या गावात मी अकरा वर्षं एका दैनिकाचा बातमीदार होतो. ती सगळी वर्षं शेठच्या दुकानावरच्या खोलीत राहिलो. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले होते. शेठना मात्र तिकडचं एकही गाव नीट सांगता येत नसे आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. खोली घेतली त्या दिवशी त्यांनी मला एक पेला दिला. त्यावर 'पावणं' असं ठोकलेलं होतं. मी म्हणालो, माझं नाव वेगळं आहे.

"ऱ्हा तर आधी," ते म्हणाले. "मग बदलू."

ते बदललं नाही. अकरा वर्षं त्यांनी मला पावणं म्हणूनच हाक मारली.

त्यांच्या घरात नाव नसलेली वस्तू सापडणं कठीण होतं. झाऱ्यावर नाव होतं, किसणीवर होतं, पाणी तापवायच्या बंबावर होतं. काकूंनी, म्हणजे शेठच्या पत्नीने, एकदा मला सांगितलं की लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्यांच्या माहेरच्या बावीस भांड्यांवर शेठनी सासरचं नाव घालायला घेतलं. काकूंनी हातोडी लपवून ठेवली. त्या भांड्यांवर अजून माहेरचंच नाव आहे. "वापरणारी मी," काकू म्हणाल्या, "मग सांगणार पण मीच." शेठनी ते कबूल केलं होतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे एकदा ते स्वतःच विसरले.

गावात ग्रामपंचायत होती तोवर आळ्यांना आणि चौकांना लोक म्हणतील ती नावं होती. नगरपंचायत झाली तेव्हा प्रत्येक गोष्टीला ठराव करून नाव द्यायची पाळी आली. रस्ता, बाग, पाण्याची टाकी, भाजी मंडईचं प्रवेशद्वार. नगरसेवक आपापल्या वॉर्डासाठी नावं सुचवत, आणि ती बहुधा कुणाच्या तरी वडिलांची असत. नाव सुचलं की नोटीस निघे: हरकती असल्यास अमुक दिवसांत कळवाव्यात.

हरकत येत असे. ती एकच असे आणि शेठची असे.

हरकती ते जुन्या कॅलेंडरच्या पानांवर लिहीत. भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरची मागची बाजू कोरी असते, ती वाया जाते असं त्यांचं म्हणणं होतं. आवक विभागातल्या कारकुनाला ते पान आठ घड्या घालून फायलीत बसवावं लागे. बागेच्या नावावरची हरकत मी स्वतः पाहिली आहे. पुढे हरकत, मागे अख्खा श्रावण महिना.

मजकूर थोड्याफार फरकाने तोच असे. जागा वापरणाऱ्यांना विचारलेलं नाही. नाव हाक मारण्याजोगं नाही. सबब फेरविचार व्हावा.

हाक मारण्याजोगं आहे की नाही हे ते अंदाजाने ठरवत नसत. बागेला एका पुढाऱ्याच्या दिवंगत वडिलांचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा शेठ एसटी स्टँडसमोर गेले. तिथून घोडेगाव आणि शिनोलीकडे प्रवासी भरून वडापच्या जीपा सुटत. एका जीपच्या पायरीवर उभं राहून त्यांनी बागेचं पूर्ण नाव, स्वर्गीयपासून उद्यानापर्यंत, गिऱ्हाइकाला हाळी द्यावी तसं ओरडून बघितलं. दोनदा ओरडले. मध्ये श्वास घ्यावा लागला.

"उतरा शेठ," ड्रायव्हर म्हणाला. "येवढ्यात शिनोली आली असती."

शेठनी ते वाक्य ड्रायव्हरच्या सहीसह हरकतीला जोडलं. बागेला ते नाव मिळालंच. फलक संगमरवरी आहे. लोक तिला 'टाकीखाली' म्हणतात.

स्टँडवर आणि बाजारात वही घेऊन लोकांना विचारणं हाही त्यांचा नेम होता. "या चौकाला काय म्हनता?" असं ते शंभरदा विचारत. राजुरीहून टोमॅटो घेऊन आलेला शेतकरी, भीमाशंकरची वाट विचारणारे यात्रेकरू, टपाल वाटणारा पोस्टमन, कुणालाही सोडत नसत. एकदा एका भाविकाने त्यांना उलट विचारलं, "काका, मला कसं माहीत असणार? मी तर नांदेडचा." शेठनी वहीत लिहिलं: बाहेरगावच्यांना नाव माहीत नाही.

नगरपंचायतीतले लोक त्यांना कंटाळले होते. पण चिडलेले नव्हते. हरकत घेणाऱ्याला बोलण्याची संधी द्यावी लागते म्हणून सभेला ते शेठना बोलावत, आणि त्यांच्यावर एक साधा उपाय करत. शेठचे धर्माचे बाकीचे नियम सैल होते. एकच घट्ट होता. सूर्य मावळल्यावर ते अन्न घेत नसत आणि पाणीही पीत नसत. त्यामुळे नामकरणाचा विषय पत्रिकेवर सर्वांत शेवटी ठेवला जाई. सभा चारला सुरू होई, गटारं आणि दिवाबत्ती यांत पावणेसहा होत, आणि शेठ घड्याळाकडे बघून उठत. काकूंनी ताट वाढलेलं असे. दार ओलांडताना ते म्हणत, "माझी हरकत हाय, बरं का." अध्यक्ष म्हणत, "नोंद घेतली शेठ, जेवून घ्या." त्यानंतर ठराव होई.

एवढं झाल्यावर फुलीकडे येतो.

बाजाराच्या खालच्या अंगाला ओढ्यालगत एक आळी होती. तिचं जुनं नाव एका जातीवरून होतं. ते इथे लिहीत नाही. आळीची सामायिक भांडी होती: पाच मोठी पातेली, दोन पराती, झाकणं, पळ्या आणि चाळीसेक पेले. आळीत कुणाकडे लग्नकार्य असलं की ती निघत, आणि जवळपासच्या गावातल्या नातेवाइकांकडेही जात. त्यातलं नवं भांडं घेतलं की आळीतल्या सुमनताई ते शेठकडे आणत. त्या अंगणवाडीसेविका होत्या. शेठ विचारत, "नाव काय घालू?" आणि सुमनताई म्हणत, "नाव नको शेठ. नुसती फुली मारा."

शेठ फुली मारत. असं किती वर्षं चाललं ते दोघांनाही सांगता आलं नाही.

जातिवाचक नावं बदलायचं सरकारी धोरण आलं तेव्हा आळीतल्या लोकांनी बैठक घेतली आणि अर्ज दिला. आळीच्या टोकाला तिथल्याच तरुणांनी चालवलेली एक अभ्यासिका होती. दोन खोल्या, लांब टेबलं, भिंतीला लावलेले जुने प्रश्नसंच. स्पर्धा परीक्षेला बसणारी सगळ्या गावातली मुलं तिथे येत. आळीने नाव मागितलं: अभ्यासिका आळी.

नोटीस निघाली. शेठ वही घेऊन स्टँडवर गेले. त्यांनी चाळीस जणांना विचारलं. चाळिसांनी जुनं नाव सांगितलं. शेठनी कॅलेंडरच्या पानावर हरकत लिहिली: प्रस्तावित नाव गावात कुणी वापरत नाही. शिवाय हाक मारताना अडखळायला होतं.

इतर वेळी त्यांच्या हरकतीला कुणी विचारत नसे. या वेळी विचारलं. सभेत दोन-तीन जणांना हे नामकरण नकोच होतं, पण तसं बोलून दाखवणं सोयीचं नव्हतं. शेठ नेहमीप्रमाणे जेवायला उठून गेले आणि मागे एक जण म्हणाला, "हरकत आलेली आहे. नागरिकांच्या भावनांचा प्रश्न आहे." विषय पुढच्या सभेवर गेला. मी ती बातमी चार ओळींत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताई दुकानात आल्या. मी पायऱ्या उतरत होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"शेठ, हरकत तुमची हाय?"

"माझीच. माझी समद्यांवर असती, ताई. मनाला लावून घेऊ नका. नाव चांगलंय, पर चालायचं न्हाई. अ-भ्या-सि-का." त्यांनी ते म्हणून दाखवलं. "बघा. जरा अडकतंय."

"अडकू द्या. जुनं लई सरळ जायचं."

शेठनी हातोडी खाली ठेवली.

"तुमी चाळीस जनांना विचारलं म्हनं. त्यातलं आमच्या आळीतलं किती?"

"मी स्टँडवर विचारलं."

"न्हाई ना एकबी? काकूंच्या भांड्यावर काकूंनी सांगितलं तेच नाव हाय. समद्या गावाला म्हाईत हाय ती गोष्ट. तिथं स्टँडवर इचारलं व्हतं का?"

काकू आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

सुमनताईंनी पिशवीतून एक लिफाफा काढला. त्यांच्या मुलीने नर्सिंगच्या प्रवेशासाठी अर्ज केला होता. पत्ता लिहिताना तिने आळीचं नाव गाळलं होतं. फक्त घर क्रमांक आणि गाव लिहिलं होतं. मुलाखतीचं पत्र गावभर फिरून मुलाखतीच्या तारखेनंतर हातात आलं.

"मी तिला लई बोलले. पत्ता अर्धा का लिहिलास म्हनून. ती म्हनली, आई, तू भांड्यावर काय घालून आणतीस?" सुमनताईंनी लिफाफा परत पिशवीत ठेवला. "तिला आता पुढच्या वर्षी परत अर्ज करायचाय. पत्ता पुरा लिहीन, पर हे नाव लिहिनार न्हाई म्हनती. तुमी म्हनता नाव असतंय भांडं घरी यायला. आमच्या भांड्यावर किती वर्सं फुली मारताय शेठ. कधी इचारलंत का, फुली का म्हनून?"

त्या निघून गेल्या. शेठच्या हातात कुणाचा तरी तांब्या होता, त्यावर अर्धं नाव ठोकून झालं होतं. तो त्यांनी खाली ठेवला. दुपारपर्यंत तो तसाच होता.

पुढच्या सभेला मी पत्रकारांच्या बाकावर होतो. शेठ मागे भिंतीशी बसले. सुमनताई आणि आळीतले सात-आठ जण दुसऱ्या बाजूला. नामकरणाचा विषय शेवटचा होता. नियमाप्रमाणे हरकत मागे घ्यायची तर विषय पुकारल्यावर तिथे हजर राहून लेखी द्यावं लागतं. हे शेठना त्याच आवक कारकुनाने सांगितलं होतं.

गटारांच्या साफसफाईवर त्या दिवशी पाऊण तास चर्चा झाली. दिवाबत्तीवर वादावादी झाली. पश्चिमेकडच्या खिडकीतून ऊन टेबलावर आलं, भिंतीवर चढलं आणि गेलं. अध्यक्षांनी दोनदा शेठकडे पाहिलं.

"शेठ, उशीर होतोय तुम्हाला."

"होऊ द्या."

"जेवण?"

"विषय घ्या तुमी."

विषय आला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. शेठ उठले आणि घड्या घातलेलं कॅलेंडरचं पान अध्यक्षांना दिलं. अध्यक्षांनी वाचून दाखवा म्हटल्यावर शेठनी ते वाचून दाखवलं. मी ते तिथेच उतरवून घेतलं. "अभ्यासिका आळी या नावावरील माझी हरकत मी मागे घेत आहे. हरकत घेताना जागा वापरणाऱ्यांना मी विचारले नव्हते. ती चूक माझी आहे." खाली सही. ही त्यांनी मागे घेतलेली एकमेव हरकत.

आता पुढे ढकलायला कारण उरलं नव्हतं. ठराव मंजूर झाला.

सभा उठल्यावर लोक जागेवरच बोलत उभे राहिले. सुमनताईंनी टेबलावरच्या जगमधून पाणी ओतलं आणि पेला घेऊन त्या शेठकडे आल्या. शेठ दमलेले होते. त्यांनी हात आडवा केला. "नको."

सुमनताईंनी पेला टेबलावर ठेवला, नीट, आवाज न करता, आणि आपल्या माणसांत गेल्या.

पाणी का नको ते मला माहीत होतं. मी बोललो नाही. मध्ये पडणं हे माझं काम नाही अशी माझी तेव्हा समजूत होती. सभागृहाचा जिना उतरताना मात्र मी शेठना म्हणालो, "तुम्ही पाणी घेतलं नाहीत."

"दिवस बुडाला व्हता की, पावणं."

"त्यांना हे माहीत आहे?"

शेठ थांबले. मी पुन्हा काही म्हणालो, ते त्यांना ऐकू आलं नसावं. सभागृहाकडे परत वळले, तर शिपाई कुलूप लावत होता.

सकाळी त्यांनी मला खालून हाक मारली. दुकान बंद होतं. नऊनंतर ते बंद असलेलं मी अकरा वर्षांत दोनदा पाहिलं, त्यातलं हे एक. आम्ही ओढ्याकडे निघालो. आदल्या दुपारपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. काकूंनी सकाळी दिलेला तांब्याही त्यांनी परत केला होता.

सुमनताई ओटा धूत होत्या. शेठ ओट्यापाशी उभे राहिले.

"पानी पाहिजे व्हतं."

सुमनताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काल दिवस मावळला व्हता," शेठ म्हणाले. "आमच्यात त्याच्यानंतर पानी चालत न्हाई. कुनाच्याबी हातचं. घरचंबी न्हाई. ते सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

"मला वाटलंच तसं काहीतरी असंल," सुमनताई म्हणाल्या. तसं त्यांना खरंच वाटलं होतं की नाही, हे मी सांगू शकणार नाही. "आत या की. दारात का उभं राहता?"

शेठ आत जाऊन बसले. सुमनताईंनी पाणी आणलं. त्यांनी एका दमात पेला संपवला आणि दुसरा मागितला. तोही संपवला. मग रिकामा पेला उजेडात धरून फिरवला. काठाखाली फुली होती. त्यांच्याच हातची, दोन रेघा, प्रत्येकी पाच ठिपके.

"ह्यो नेतो मी," ते म्हणाले.

"पेला कशाला नेताय?"

"समदीच द्या. पातेलीबी."

भांडी अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत होती. पोरींनी टेबलं सरकवून वाट केली. एका हातगाडीवर ती दुकानात आली. शेठनी सुमनताईंना समोर बसवून नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं. पातेली संपायला चार दिवस लागले, पेल्यांना आणखी आठवडा. पेल्यावर 'अभ्यासिका' मावेना, तेव्हा मुलगा म्हणाला, "नुसतं 'अ' आणि 'आ' घाला ना, पप्पा." शेठनी त्या वाक्यापुरता उजवा कानही बंद ठेवला. अक्षरं लहान केली, चष्मा बदलला, पण नाव पूर्ण घातलं. फुली मात्र त्यांनी कुठल्याच भांड्यावरची मोडली नाही. "ती माझी हाय," म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

फलक लागला. तरी गाव जुनंच नाव घेत राहिलं. शेठच्या दुकानात कुणी ते घेतलं की त्यांना ऐकू येत नसे. "कुठली आळी? असली कुठली आळी मला म्हाईत न्हाई." माणूस चिडे, खुणा सांगे, ओढा सांगे, शेवटी अभ्यासिका सांगे. "हां, अभ्यासिका आळी," शेठ म्हणत. अशा रीतीने त्यांनी किती जणांना शिकवलं आणि किती गिऱ्हाइकं गमावली, हे मुलाला विचारावं. मला मनातून वाटत असे की नाव फलकावरच राहणार.

उन्हाळ्यात, लग्नसराई संपत आली असताना, आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. एक टेम्पो बाजारातून हळूहळू येत होता. ड्रायव्हर परका होता. त्याने खिडकीतून एक मोठं झाकण बाहेर धरलं होतं आणि त्यावर बघून तो दोन्ही बाजूंच्या दुकानांना ओरडून विचारत होता.

"ओ भाऊ, अभ्यासिका आळी कुठं आली?"

शेठनी डावा कान पुढे केला. "काय म्हनलास?"

"अभ्यासिका आळी! राजुरीवरनं आलोय. लग्नात ऱ्हाइलं व्हतं हे."

"कुठली आळी?"

"अभ्यासिका! अभ्यासिका आळी!" ड्रायव्हर आता टेम्पोतून अर्धा बाहेर आला होता. समोरचा पानवाला, शेजारचा शिंपी, सगळे बघायला लागले. "म्हातारबाबा, ऐकू येतंय का न्हाई?"

"सरळ जा," पानवाला म्हणाला. "ओढ्यापाशी डावीकडं. अभ्यासिका आळी तीच."

टेम्पो गेला. शेठनी मांडीवरचा डबा सरळ केला आणि छिन्नी उचलली.

"न्हाई अडकत," ते म्हणाले.